समोरची भिंत

दर शनिवारी अकरा वाजता, अजून न बांधलेल्या घरांची कॉम्प्युटरवर चित्रं करणाऱ्या मावला गावातल्या त्या ऑफिसात प्रत्येकाचं चित्र मोठ्या टीव्हीवर लागायचं आणि बाकीच्यांनी त्यातली खोट काढायची, असा रूपाली मॅडमचा नियम होता. त्या शनिवारी पहिलं चित्र अर्पिताचं लागलं. अजून पायाही न खोदलेल्या एका घराचा हॉल. तिची तीन महिन्यांची ट्रायल त्याच दिवशी संपत होती.

"ऊन कुठून येऊन राह्यलं हे?" प्रितमनं विचारलं. तो तिथला सगळ्यात जुना.

"डावीकडच्या खिडकीतून."

"मंग सोफ्याची सावली दोन्हीकडं काऊन पडली?"

सगळे हसले. अर्पिताही हसली, कारण प्रितम खरं बोलत होता. तिनं छताचा दिवा विझवला आणि सूर्य खाली उतरवला. खिडकीच्या गजांच्या लांब सावल्या फरशीवर आडव्या झाल्या. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्याएवढा उंच आहे, बसलेल्याच्या डोळ्यापर्यंत आण, असं शेजारच्या टेबलावरची मीनल म्हणाली. अर्पितानं आणला. कडेला अर्धी कापली गेलेली खुर्चीही काढून टाकली. दहा मिनिटांत तो हॉल असा दिसू लागला, की कोणीतरी आत्ताच तिथून उठून पाणी प्यायला गेलं असावं. आपल्या हातून असंही होतं तर, असं अर्पिताला वाटलं.

"आता फक्त ते समोरचं," रूपाली मॅडम म्हणाल्या.

समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. निळा कोट, लाल टाय. घर धम्मदीप सरांचं. ते उटनूरला मास्तर होते. दारातून आत येणाऱ्याला पहिले तो फोटो दिसला पाहिजे, असं त्यांनी अर्पिताला फोनवर सांगितलं होतं. कुठं लावायचा, किती उंचीवर, हे तिला विचारावं लागलं नव्हतं. तिच्या घरीही तो तसाच होता, आणि ते ती सरांना बोलून गेली होती.

"त्याचं काय, मॅडम?"

"नजर तिथंच जाते."

"निळा थंड पडते," प्रितम म्हणाला. "एवढ्या पिवळ्या उजेडात टोचते तो."

"सगळा तोल त्या बाजूला जातो," मीनल म्हणाली.

नाव कोणीच घेतलं नाही. सगळे 'ते' म्हणत होते.

"पण सरांनीच सांगितलं होतं."

"सरांच्या घरात सर लावतील ना, आपण कुठं नाही म्हणतो? हे चित्र हायवेवरच्या बोर्डावर लागणार आहे, अर्पिता. त्या कॉलनीतले बाकीचे प्लॉट विकायचेत अजून. इचोड्याकडून येणारा माणूस बोर्ड बघेल आणि त्याला वाटेल, ही त्यांचीच कॉलनी आहे." मॅडमचा आवाज मऊ होता. "आपल्याला काही नाही गं. पण लोक असतात."

आपल्याला. अर्पितानं तीन महिन्यांत ऑफिसात घरचं काही सांगितलं नव्हतं. तिच्या आडनावावरून काही कळत नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नव्हतं.

"बुद्ध ठेव ना तिथं," प्रितम म्हणाला. "बुद्ध सगळ्याईले चालते. मागून लाईट दे."

अर्पितानं फोटोवर क्लिक केलं आणि बटण दाबलं. भिंत कोरी झाली. तिनं बुद्धाचं तयार मॉडेल शोधलं, मानेपासून वरचं, डोळे मिटलेलं, आणि लाकडी फळीवर ठेवून मागून उजेड सोडला.

"वा!" मीनलनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

"सोमवारपासून तू पक्की," मॅडम म्हणाल्या.

साडेबारा वाजता धम्मदीप सर आपल्या आईला, चंपाबाईला, घेऊन आले. म्हातारी चपला दाराबाहेर काढून टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"माय वं! किती ऊन! आपल्याच घरातलं का रे हे?"

"हो माय."

तिनं चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबासाहेब कुठी हायेत?"

सरांनी अर्पिताकडं पाहिलं.

"बुद्ध ठेवलाय ना आजी, खास तुमच्यासाठी," रूपाली मॅडम म्हणाल्या.

"नुसतं मुंडकंच हाय वो बाई."

"ती स्टाईल असते."

"मी फोनवर सांगतलं होतं," सर म्हणाले. मॅडमला नाही, अर्पिताला.

"तिथं उजेड बसत नव्हता, सर," अर्पिता म्हणाली.

 सरांनी आईच्या दंडाला धरलं. पण म्हातारी निघेना. ती अर्पिताच्या खुर्चीजवळ आली आणि वाकून तिच्या तोंडाकडं पाहू लागली.

"आपलीच एक पोरगी हाय म्हणे इथं. थेच बनवून राह्यली आपलं घर, असं हा म्हणे. तूच का वं थे?"

प्रितमची खुर्ची वळल्याचा आवाज आला. मीनलनं मान वर केली. मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं थांबल्या होत्या.

"नाही आजी," अर्पिता म्हणाली. "ती दुसरी असेल."

धम्मदीप सर फरशीकडं पाहत राहिले. चंपाबाईनं अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवला. हात खरबरीत होता आणि तिनं तो लवकर उचलला नाही.

"भेटली तं सांगजो तिले," ती म्हणाली. "ऊन लय चांगलं पाडलं म्हणावं."

"सांगते," अर्पिता म्हणाली.