इतिहासातली लुडबूड

घड्याळाच्या टॉवरला किल्ली देणारा म्हातारा, जुन्या थिएटरचा डोअरकीपर, नदीवरच्या पुलाचा गवंडी. मास्तरांनी तीस वर्षं एकेकाला घरी बोलावून शहराचा इतिहास टेपवर उतरवून घेतला. पाहुण्याचा एकही शब्द ते वाया जाऊ देत नसत, पण मध्येच बायकोचा आवाज आला की कपाळाला आठी पडायची.

"अगं, इतिहासात तुझी लुडबूड नको," म्हणायचे आणि टेपचा तेवढा तुकडा कात्रीनं कापून दोन्ही टोकं नीट चिकटवायचे. ती हसायची नि कप उचलून आत जायची.

ती गेली त्याला आज महिना झाला. तिचा एखादा शब्द चुकून राहिला असेल म्हणून मास्तर कपाटातल्या सगळ्या टेपा काढून, कान लावून ऐकत बसले. पण त्यांचा हात सफाईचा, चूक कुठे सापडेना.

शेवटच्या टेपमध्ये गवंडी म्हणाला, "चहा राहू द्या, वहिनी. तुम्हीही इथल्याच ना? लहानपण कुठं गेलं तुमचं?" मग बारीकशी खरखर झाली आणि गवंडी हळहळला, "अरेरे. एवढंसं वय, आणि एवढं सोसलंत?"

 

तिनं काय सांगितलं होतं, ते मास्तरांना काही केल्या आठवेना.