कॅटलियाला पाणी

पिंपरीच्या कारखान्यात जायला निघताना अण्णांनी मला कळी दाखवली. परदेशातून मागवलेल्या कॅटलिया ऑर्किडची ती पहिलीच कळी. "पाणी बेतानं घाल हं, मुळं कुजतात." त्याच दुपारी त्यांना चादरीत गुंडाळून घरी आणलं.

तेव्हापासून आई, काही घडलंच नाही अशी, कॅटलियाला तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घालते. "वाळलं तर हे आल्यावर मलाच बोलतील." तिची पाठ वळली की मी कुंडी कलती करून पाणी काढून टाकते. तिचं कुंकू मी कुणाला पुसू दिलं नाही, आणि तिला एका शब्दानं काही सांगितलंही नाही.

आज फूल उमललं.

"अगं, हाक मार ह्यांना! आधी त्यांना बघू दे."

हाक मारायला मी तोंड उघडलं.

"अण्णा नाहीत गं, आई."