वादळाचा पाठलाग

“ताई, घट्ट धर,” भाऊ म्हणाला. “दाजी एकदा सुटले की आपल्या हाती लागायचे नाहीत.”

तिनं ओढणीची गाठ मारली. डोक्यावर वहिनीचं हेल्मेट होतं, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम मागून आणलेलं. ते कानांवर दाटत होतं, पण तक्रार करायची ही वेळ नव्हती. समोर छापखान्याच्या फाटकातून तिचा नवरा गाडी बाहेर काढत होता.

मोटारसायकलवाल्यांच्या संघटनेत त्याला वादळ म्हणत. शहरात ताशी तीस किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या पाट्या लागल्यापासून सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. रविवारच्या सभेत तर तो खुर्चीवर उभा राहिला होता. “तीसनं चालवायची, तर ढकलत नेलेली काय वाईट? सुरक्षेचं नुसतं नाव आहे. यांना दंड लावून आपले खिसे कापायचेत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसून तिनंही वाजवल्या.

आणि हाच माणूस हल्ली घरी यायला दुप्पट वेळ लावत होता. विचारलं की, “गर्दी होती.” रस्ता तर तिच्याही पायाखालचा. छापखान्यात फोन करून पाहिला, तर ते म्हणाले, केव्हाच निघाले. मग मधला वेळ जातो कुठे? खिसे चाचपून झाले. शर्टाचा वास घेऊन झाला. काही म्हणता काही सापडलं नाही, त्यामुळे संशय उलट बळावला. “पाणी कुठंतरी मुरतंय,” असं भावाचंही मत पडलं.

भावानं गाडी सोडली आणि लगेच ब्रेक दाबला. नवरा हाकेच्या अंतरावर होता. रस्त्याच्या डाव्या कडेनं, वरातीत निघाल्यासारखा चालला होता. मागच्या बसनं भोंगा वाजवून वाजवून शेवटी त्याला वळसा घातला. मागं पोतं बांधलेला एक सायकलवालासुद्धा त्याला मागं टाकून गेला.

“आपल्याला पाहिलं वाटतं,” भाऊ कुजबुजला. त्याचे पाय सारखे जमिनीला टेकत होते. “मुद्दाम रेंगाळतायत. एवढ्या हळू पाठलाग नाही करता येत गं, पडू आपण!”

तिचे डोळे नवऱ्यावर खिळले होते. बाजार संपला, घरं दाटीवाटीची झाली आणि नवरा प्रत्येक बोळाच्या तोंडाशी जवळजवळ थांबू लागला. मान वाकडी करून आत बघायचा, मग पुढं. कुणाला तरी शोधत होता, यात शंकाच नको. एका बोळाशी तर त्यानं पाय टेकला आणि आत बघतच राहिला.

ती उतरली, हेल्मेट काढलं आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“कोण राहतं इथं?”

तो इतका दचकला की गाडी कलंडता कलंडता राहिली. “तू? कोण राहतं म्हणजे?”

“जिच्यासाठी थांबलात ती.”

त्यानं मागं मेव्हण्याकडे पाहिलं. मग सावकाश हेल्मेट काढलं. हवा गार होती, तरी त्याचे केस घामानं चिकटले होते.

“या बोळातून एक पोरगं पळत आलं होतं,” तो म्हणाला. “महिना झाला असेल. मी नेहमीच्या वेगात. ब्रेक मारला, तर चाक त्याच्या चपलेला टेकून थांबलं.”

“लागलं त्याला?”

“नाही. हसलं माझ्याकडे बघून. त्याला वाटलं, मी खेळतोय त्याच्याशी.” जखम दाखवावी तसा त्यानं उजवा हात पुढं केला. “तेव्हापासून ॲक्सिलरेटरची मूठ पिळवत नाही. मी मनात आणतो, हात ऐकत नाही.”

तिनं तरीही बोळात डोकावून पाहिलं. भिंतीला टेकवलेली एक सायकल होती, बाकी कुणी नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं की मेव्हण्याला कळणार. मेव्हण्याला कळलं की गावभर.”

भाऊ खाकरला.

“आणि परवा खुर्चीवर चढून जे बोललात, ते?”

“वादळ म्हणतात मला,” तो खाली मान घालून म्हणाला. “वादळानं काय सांगायचं लोकांना? उद्या पाट्यांविरुद्ध मोर्चा आहे. सगळ्यात पुढं माझीच गाडी.”

इतक्यात इंजिनाचा दणदणाट करत संघटनेचे अध्यक्ष शेजारी येऊन थांबले. अंगात कातडी जाकीट, चेहऱ्यावर हसू. “काय वादळ! गाडी बंद पडली काय?”

नवरा हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

“गाडीला काय धाड भरलीय?” ती म्हणाली. “आम्हीच थांबलोय जरा.”

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग बोळाकडे. हसू हळूहळू मावळलं. “तब्येत ठीक आहे ना? उद्या ऐनवेळी पाय मागं घेऊ नका म्हणजे झालं.” मूठ पिळून ते सुसाट निघाले.

“तू जा घरी,” तिनं भावाला सांगितलं आणि नवऱ्याच्या मागं बसली. गाडी हलली. लोक भोंगे वाजवत बाजूनं जात राहिले. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

खांद्यावरून तिला पुढचा सरळ रस्ता दिसत होता. अध्यक्षांची गाडी लांब गेली होती. एका बोळाच्या तोंडाशी त्या गाडीचा मागचा ब्रेकचा लाल दिवा लागला. रस्ता मोकळा होता, समोर कुणीच नव्हतं. त्याच्या पुढच्या बोळाशी तो पुन्हा लागला.