खिडकीची जागा

"मेल्यावर खिडकी कशाला हवीय, मावशी?" सोवा सुतार वैतागला. टेशी गावात ज्याच्या-त्याच्या धंद्या-हौसेच्या आकाराची शवपेटी करायची रीत होती, म्हणून त्याने माशाच्या, मोटारीच्या, कोंबडीच्यासुद्धा आकाराच्या शवपेट्या घडवल्या होत्या. पण मासे धुरावर सुकवून विकणाऱ्या कोर्कोर मावशीला विमान हवं होतं, तेही उघडणाऱ्या खिडकीचं.

"मेल्यावरचं कोण बोलतंय? जन्मभर डोक्यावरून विमानं गेली आणि मी आपली चुलीपाशी धूर खात बसले. डॉक्टरने तीन महिने दिलेत. त्यातला एक शनिवार मी विमानात घालवणार."

"काहीतरीच काय! जिवंत माणूस कधी पेटीत बसतो?"

"मग मेलेल्याला विमानाचं काय कौतुक रे?"

सोवाने हात टेकले.

शनिवारी सहा खांदेकऱ्यांनी बँडच्या तालावर नाचत विमान खांद्यावर घेतलं आणि मावशीने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. आता तिला भिंतींपलीकडची सगळी अंगणं दिसत होती. "अगं डेडे, मासे करपले तुझे! आणि टेटे, अजून लोळतोयस होय रे?" अख्खी गल्ली पोट धरून हसली. उतरल्यावर मावशी म्हणाली, "झकास! फक्त टेकवताना जरा हळू टेकवा."



पाचव्या महिन्यात तेच खांदेकरी तेच विमान घेऊन नाचत निघाले, तेव्हा सोवा मागून ओरडत धावला, "अरे थांबा, मावशीची खिडकी उघडायची राहिली!"