पंखातली तुटकी शीर

वेळणी नदीच्या काठावर पकडलेल्या चाळीस माश्या डॉ. हेमांगी केळुसकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिळाएवढ्या, चिखलात अंडी घालणाऱ्या या माश्यांची प्रजाती तीस वर्षांपूर्वी त्यांनीच शोधली होती. आता कायदा असा होता, की ही प्रजाती काठावर सापडली तर नदी जिवंत आणि पाणी पिण्याजोगं. वरच्या अंगाला कारखाना होता. त्याला तसं प्रमाणपत्र हवं होतं.

"चाळीसही माश्यांच्या पंखातली तिसरी शीर मध्येच तुटलेली आहे," त्या तपासणी अधिकारी सरनोबतांना म्हणाल्या. "हा जन्मजात दोष मी एकाच माशीत पाहिलाय. संग्रहालयात ठेवलेल्या माझ्या पहिल्या माशीत. तिच्या पेशींपासून या सगळ्या नकला कारखान्यात बनवल्यात आणि काठावर आणून सोडल्यात."

"बनवल्या असतील. पण प्रजाती तीच ना?"

"प्रजाती तीच आहे. पण चिखलात एक अळी नाही! त्या पाण्यात काहीच जगत नाही. मी सही करणार नाही."

"सही नकोच, मॅडम," सरनोबत शांतपणे म्हणाले. "तुमचं बोलणं यंत्रात नोंदवलं गेलंय. आम्हाला 'प्रजाती तीच आहे' एवढं वाक्य पुरे."

सोमवारी प्रमाणपत्र निघालं आणि काठावरच्या सात गावांना नदीचं पाणी सुरू झालं. हेमांगीबाईंनी घाईघाईनं पहिल्या गावच्या सरपंचबाईंना फोन लावला आणि ते पाणी कुणालाही पिऊ देऊ नका म्हणून विनवलं.

"अहो, असं कसं?" सरपंचबाई म्हणाल्या. "कागदावर तुमचंच नाव बघून तर आम्ही नळ सोडले."