आठ, दहा, बारा

ग्वेनच्या कपाटात आठ, दहा आणि बारा नंबरच्या पँट्स होत्या आणि तिन्ही तिला बसायच्या. म्हणून मॉलमध्येही तिने तिन्ही नंबर ट्रायल रूममध्ये नेले. दाराशी उभ्या असलेल्या बाईने कपडे मोजून ‘तीन’ लिहिलेला बिल्ला दिला.

“सोबत कोणी आहे का? कशी दिसतेय ते सांगायला?”

“नवरा गेल्यापासून माझं मीच सांगते,” ग्वेन म्हणाली.

आठची मांडीवर अडली. दहाची गुडघ्यावर. बाराची तर घोट्याच्या वर सरकेना. पोट आत ओढून, श्वास रोखून तिने आरशात पाहिलं.

आरशातल्या बाईला बाराची अगदी मापात बसली होती. तिने वळून पाठ न्याहाळली, खुशीत हसली, बाकीच्या दोन पँट्स आणि बिल्ला उचलला आणि दार उघडून गेली. आरशात नुसती खोली उरली. ग्वेनच्या घोट्याशी आता काहीच नव्हतं.

“अय्या, काय मस्त बसलीय!” बाहेर बिल्ला देणारी बाई म्हणत होती. “अंगावर एक, हातात दोन. झाल्या तीन.”

“अहो, मी आत आहे!” ग्वेन ओरडली.

दार उघडलं. बिल्लेवाल्या बाईने आत चारी कोपरे बघितले आणि मागे वळून हाक दिली,

“या मॅडम, ही रिकामी आहे.”