एक तरी दुखणं

डोकं दुखो, कंबर धरो की पित्त उसळो, खापर नवऱ्यावर फोडायची माझी जुनी सवय. पायाचं बोट सुजलं तेव्हा मात्र मोबाईलवर वाचून मीच ठरवलं, युरिक ॲसिड वाढलंय; आणि घरातलं तुरीचं वरण बंद केलं. वरणाशिवाय घास न उतरणारे आमचे हे तरीही खुशीत होते. "तुह्यं एक तरी दुखणं माह्या नावावर नाई!"

सेलूच्या डॉक्टरांनी बोटात रुतलेलं जोडवं कापून काढलं. "युरिक ॲसिड काही नाई, ताई. लग्नानंतर अंग भरलं, जोडवं तेवढंच राह्यलं."

बाहेर येऊन मी ते तुटकं जोडवं ह्यांच्या हातावर ठेवलं.

"घ्या, हे बी तुमच्याच नावाचं निघालं."